डेस्कटॉप उशिरा सुरू होतो, मधेच हँग होतो: फॉरमॅट मारण्याआधी काय तपासायचं

जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत आडतीचं दुकान असो, कृषी सेवा केंद्र असो, जिनिंगचं ऑफिस असो की शाळेचं कार्यालय, टेबलाखाली सात-आठ वर्षं जुना डेस्कटॉप असतोच. तक्रारही ठरलेली: सकाळी बटण दाबलं की दहा मिनिटं वाट पाहायची, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना बिलाच्या मधोमध सगळं गोठतं. उपायही ठरलेला, फॉरमॅट. पंधरा दिवस बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कारण फॉरमॅटने फक्त विंडोज नवं होतं. खराब होत चाललेली डिस्क, रुईने जाम झालेला पंखा, नीट न बसलेली रॅम, दमलेला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) यांतलं काहीही त्याने सुधारत नाही. उलट मरायला टेकलेल्या डिस्कवर फॉरमॅट मारला, तर डेटा जातो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. म्हणून वेळ नक्की कुठे जातो ते आधी शोधायचं, मगच पैसे खर्च करायचे.

त्याच्याही आधी डेटा. दुसऱ्या डिस्कवर किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही फोल्डरं कॉपी करा. टॅली वापरत असाल तर टॅली बंद करून अख्खं डेटा फोल्डर उचला. त्यात आकड्यांच्या नावाची जी फोल्डरं दिसतात, त्यांतलं प्रत्येक म्हणजे एकेक कंपनी. ब्राउझरमधले पासवर्ड, मराठी टायपिंगचे फॉन्ट आणि प्रिंटरचं ड्रायव्हर (तो भाग विंडोजशी जोडून चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) हमखास विसरतात. कॉपी झाली की तो पेनड्राइव्ह दुसऱ्या मशीनवर लावून चार फायली उघडून पाहा. डिस्कमधून ठरावीक लयीत कट-कट आवाज येत असेल तर कुठलीही तपासणी चालवू नका. सगळ्यात महत्त्वाच्या फायली आधी काढा आणि मशीन बंद करा. अशा डिस्कचे शेवटचे काही तास तपासण्यात घालवायचे नसतात.

वेळ कुठे जातो

मोबाइलचं स्टॉपवॉच लावा आणि सुरू होण्याचे तीन तुकडे पाडा. पहिला तुकडा बटण दाबल्यापासून विंडोजचं फिरतं चक्र दिसेपर्यंत. दुसरा चक्रापासून पासवर्डच्या पडद्यापर्यंत. तिसरा पासवर्ड टाकल्यापासून एखादा प्रोग्राम खरोखर उघडेपर्यंत. तिन्ही आकडे कागदावर लिहा. एवढ्याने अर्धं निदान होतं.

पहिला तुकडा साधारण १० ते २० सेकंदांचा असतो. तो मिनिटभर लांबत असेल तर विंडोजचा त्यात काही संबंध नाही, विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. मागे लावून ठेवलेला पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची डिस्क, सगळं काढून पुन्हा मोजा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम) जाऊन बूटच्या क्रमात विंडोज असलेली डिस्क पहिली आहे ना ते पाहा. नेटवर्क पहिल्या क्रमांकावर असेल तर मशीन आधी केबलवरून विंडोज शोधत बसतं. डिस्क खराब असेल तरी इथेच अडकतं, कारण बायोसला डिस्ककडून उत्तर मिळायला उशीर होतो.

दर सकाळी तारीख चुकलेली दिसत असेल किंवा 'एफ वन दाबा' असा संदेश येत असेल, तर मदरबोर्डवरचा गोल सेल गेलाय. तो सीआर२०३२, ३ व्होल्टचा. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसला की बदला. तारीख मागे गेली की सरकारी आणि बँकेच्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत, आणि लोक नेटवाल्याला फोन लावतात. पण संदेशात 'सीपीयू फॅन एरर' असेल तर एफ वन दाबून पुढे जाऊ नका. प्रोसेसरचा पंखा फिरत नाही किंवा त्याची वायर सुटली आहे, ते आधी बघा.

दुसरा तुकडा लांबला तर संशय डिस्कवर किंवा एखाद्या ड्रायव्हरवर. तिसरा लांबला, म्हणजे डेस्कटॉप दिसतो पण पाच मिनिटं काहीच उघडत नाही, तर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम, अँटिव्हायरस, अपुरी रॅम आणि पुन्हा एकदा डिस्क.

मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून ठेवला जातो. टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' पाहा. रोज बंद केलेल्या मशीनवर वीस दिवस दिसले तर हेच कारण. रुसलेलं ड्रायव्हर दुसऱ्या दिवशीही रुसलेलंच उठतं. खरी नवी सुरुवात रीस्टार्टने होते. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. जुन्या हार्ड डिस्कवर सुरू व्हायला थोडा वेळ वाढेल, पण शोध चालू असेपर्यंत ते बंदच ठेवा.

हँग कसं होतं ते नीट पाहा

पडदा गोठला की कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा चालू-बंद होत असेल तर मशीन जिवंत आहे; एखादा प्रोग्राम किंवा डिस्क त्याला अडवून बसली आहे. दोन मिनिटं थांबा, बहुतेकदा सुटतं. दिवा हललाच नाही, माउसही जागचा सरकत नाही, आवाज चालू असेल तर एकाच सुरावर अडकलाय, तर दोष खोल आहे: रॅम, तापमान, वीज, ग्राफिक्स किंवा बोर्ड.

वेळही बघा. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला असताना गोठतं आणि मग एकदम सुटतं, तर डिस्क. सकाळी ठीक चालतं आणि दुपारी दोननंतर हँग होतं, तर उष्णता. कूलर किंवा बोअरची मोटर चालू करताच अडकतं किंवा रीस्टार्ट होतं, तर वीज. एकाच प्रोग्रामात होतं, तर तो प्रोग्राम. ऑफिसात तीन जण मशीन वापरत असतील तर शेजारी वही ठेवा आणि प्रत्येकाला वेळ लिहायला सांगा. 'सारखं हँग होतं' यातून काहीच कळत नाही. 'रोज अडीचच्या सुमारास' यातून सगळं कळतं.

विंडोज स्वतःही नोंद ठेवतं. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा, तारीखवार लाल खुणा दिसतील. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'विंडोज लॉग्ज', मग 'सिस्टम' उघडा. तिथे 'डिस्क' या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतील तर डिस्ककडे वळा. 'कर्नल पॉवर ४१' एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद पडलं. कारण ती सांगत नाही, तेव्हा ती पाहून एसएमपीएस विकत घेऊ नका. 'व्हीया लॉगर'च्या नोंदी दिसल्या तर हार्डवेअरने स्वतःच चूक कळवली आहे.

हार्डवेअर की विंडोज, याचा निकाल

सगळ्यात खात्रीची चाचणी बिनखर्चाची आहे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टीमची लाइव्ह प्रत, म्हणजे डिस्कवर न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी, दुसऱ्या चांगल्या मशीनवर तयार करा, बिघडलेल्या मशीनची डिस्कची केबल काढा आणि पेनड्राइव्हवरून सुरू करा. दोन-तीन तास ब्राउझर उघडून व्हिडिओ चालू ठेवा. सुरळीत चाललं तर रॅम, प्रोसेसर, बोर्ड, वीज बहुधा ठीक, दोष डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये. इथेही गोठलं तर विंडोज निर्दोष आहे आणि फॉरमॅटचा शून्य उपयोग.

लाइव्ह प्रत जमत नसेल तर सेफ मोड, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणारं विंडोज. शिफ्ट दाबून ठेवत रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि ४ चा आकडा. सेफ मोडमध्ये मशीन झटपट चाललं तर एखादं ड्रायव्हर किंवा प्रोग्राम गुन्हेगार. तिथेही रखडलं तर बहुधा हार्डवेअर.

डिस्क: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

उशिरा सुरू होण्याच्या तक्रारींत पहिला संशय हार्ड डिस्कवरच घ्यावा. त्यामागे साधा हिशेब आहे. नेहमीच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला आणि डोकं तिथे पोचायला मिळून सरासरी १२-१५ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला जेमतेम सत्तर-ऐंशी वेगवेगळ्या जागा वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ती हेच काम शेकडो पटींनी लवकर करते. जुन्या मशीनला एसएसडी लावल्यावर जो फरक पडतो तो प्रोसेसर बदलूनही पडत नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये डिस्क निवडा. 'अॅक्टिव्ह टाइम' १०० टक्के आणि खाली वाचनाचा वेग मात्र २-३ एमबी, असं बराच वेळ दिसलं तर डिस्क अडथळा आहे. आता 'अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' पाहा. धडधाकट हार्ड डिस्क १० ते ३० मिलिसेकंदांत उत्तर देते, कामाचा रेटा असताना शंभरापर्यंत जाते. हलक्या कामातही ५००, हजार, दोन हजार दिसत असतील तर डिस्क खराब जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. तेवढा वेळ विंडोज गोठलेलं दिसतं.

मग 'क्रिस्टल डिस्क इन्फो' हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. वर 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असा शेरा येतो, पण नुसत्या शेऱ्यावर जाऊ नका. कच्चे आकडे सोळांच्या पद्धतीत दिसतात, ते सेटिंगमधून साध्या दशमान पद्धतीत करा आणि चार ओळी वाचा. ०५ म्हणजे बदली दिलेल्या खराब जागा. सी५ म्हणजे वाचता न येणाऱ्या, निकाल न लागलेल्या जागा. सी६ म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या. या तिन्हींत शून्य हवा. सी५ मध्ये आकडा दिसला आणि आठवड्यात वाढला, तर डिस्क बदलायचीच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

चौथी ओळ सी७. ही डिस्कची नव्हे, केबलची तक्रार आहे. ती वाढत असेल तर डिस्क मदरबोर्डला जोडणारी, बहुधा लाल रंगाची पातळ सॅटा केबल बदला, मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टात लावा, आणि आकडा थांबतो का पाहा. तो कमी कधीच होत नाही, थांबला म्हणजे झालं. पन्नास-शंभर रुपयांची केबल सैल झाल्यामुळे चांगली डिस्क भंगारात जाताना सर्रास दिसते, म्हणून ही ओळ वाचल्याशिवाय डिस्क बदलायला होकार देऊ नका.

सी५ शून्य असेल आणि वीज गेल्यामुळे फाइल सिस्टीममध्ये गोंधळ झाला असेल, तर 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. सगळी पृष्ठभागाची तपासणी मात्र डेटा बाहेर काढल्यावरच. ५०० जीबीला ती कित्येक तास खाते आणि खराब डिस्कला आणखी थकवते.

एसएसडी घ्यायची ठरली तर अडीच इंची सॅटा, २४० किंवा २५६ जीबी, नावाजलेल्या कंपनीची आणि बिलासह वॉरंटीची. बिननावाच्या स्वस्त एसएसडी भरत आल्या की बऱ्याचदा रखडतात. एच६१ सारख्या जुन्या बोर्डांवर सॅटाचा वेग नव्या बोर्डांच्या निम्मा असतो, तरी विंडोज लवकर सुरू होण्यासाठी तो पुरून उरतो. बायोसमध्ये सॅटा मोड 'आयडीई' असेल तर विंडोज टाकण्याआधी 'एएचसीआय' करा. आधीच टाकलेल्या विंडोजवर तो अचानक बदलला तर मशीन निळ्या पडद्यावर थांबू शकतं.

विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. तसं न केल्यास सुरू होण्याच्या फायली कधी कधी जुन्याच डिस्कवर लिहिल्या जातात, आणि पुढे ती डिस्क काढली की नवं विंडोज उठत नाही. जुनी डिस्क निरोगी असेल तरच तिची जशीच्या तशी नक्कल करा. आजारी डिस्कची नक्कल केली तर तुटक्या फायलीही सोबत येतात. परवाना विंडोज १० किंवा ११ चा डिजिटल असेल तर तो बोर्डशी बांधलेला असतो, डिस्क बदलल्यावर इंटरनेट मिळताच तो परत लागू होतो.

रॅम

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी पाहा. नेहमीचं काम उघडलेलं असताना ८५-९० टक्के भरलेली असेल तर उरलेला भार डिस्कवर पडतो, आणि मग डिस्कही १०० टक्के दिसते. विंडोज १० वर ब्राउझर आणि टॅली एकत्र चालवायला ४ जीबी अपुरी, ८ जीबी निवांत. ३२ बिट विंडोज असेल तर ४ जीबी लावूनही सव्वातीन-साडेतीनच्या आसपासच वापरता येते. रॅम वाढवण्याआधी ६४ बिट विंडोज हवं. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. जुनी रॅम घेताना दुकानातच लावून पाहा, कारण स्वस्त डीडीआर३ पट्ट्यांत काही फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालणाऱ्या असतात.

आपल्याकडे रॅमचा खरा शत्रू उन्हाळ्यातला कूलर आहे. कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर येते, धूळ चिकटते, आणि रॅमच्या सोनेरी कडेवर काळपट थर धरतो. मग तीन बीप येतात, पडदा कोरा राहतो किंवा मधेच निळा पडदा येतो. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज काढा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. क्लिप उघडून रॅमची पट्टी काढा. पांढऱ्या साध्या खोडरबराने सोनेरी कडा हलक्या हाताने घासा, कचरा खाचेपासून दूर झटका, सुक्या ब्रशने खाच साफ करा. बोट सोनेरी भागाला लागू देऊ नका. बसवताना दोन्ही टोकं 'टक' करून बसली पाहिजेत. एक टोक अर्धवट राहणं ही नेहमीची चूक.

नंतर 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवा आणि चालू असताना एफ वन दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा. रात्रभर वेळ लागला तरी चालेल. एकही चूक आली तर एकेक पट्टी एकेका खाचेत लावून पुन्हा चालवा. चूक पट्टीसोबत फिरली तर पट्टी खराब, खाचेसोबत राहिली तर बोर्ड.

ऊन, धूळ आणि रुई

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत चाळीस असेल तर कॅबिनेटच्या आत पन्नास. कंपन्या डिस्कसाठी सहसा ६० अंशांची कमाल मर्यादा देतात, म्हणजे हातात फार अंतर उरत नाही. तापमान दाखवणारं 'एचडब्ल्यू इन्फो' हे सॉफ्टवेअर लावून पाहा: रिकाम्या वेळी प्रोसेसर ४०-५५, कामात ७५-८० पर्यंत चालेल, डिस्क ५० च्या खाली हवी. प्रोसेसर १०० च्या आसपास पोचला की स्वतःचा वेग उतरवतो, आणि त्याहून वर गेला तर मशीन आपोआप बंद पडतं. दुपारी मशीन मंद होण्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

जिनिंगच्या हंगामात, दिवाळीपासून साधारण मार्चपर्यंत, धुळीपेक्षा रुईचे तंतू वाईट. ते पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) पात्यांवर गादीसारखे बसतात. वरून पंखा फिरताना दिसतो पण हवा आरपार जातच नाही. म्हणून पंखा काढून खालचा भाग पाहायचा. जिनिंग आणि डाळ मिलच्या ऑफिसांत दर महिन्याला, इतरत्र तीन महिन्यांनी सफाई करा. नंदुरबार, दोंडाईचाच्या मिरची बाजारातलं कॅबिनेट उघडणार असाल तर नाका-तोंडाला रुमाल आणि डोळ्याला चष्मा लावूनच ब्लोअर चालवा.

ब्लोअर अंगणात चालवा आणि पंखा बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, नाहीतर तो भरधाव फिरून बेअरिंग घासतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साचते. एसएमपीएसमध्ये बाहेरूनच जाळीतून हवा मारा. तो उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो.

इंटेलच्या प्रोसेसरवरच्या मूळ कूलरला, म्हणजे पंखा आणि हीटसिंकच्या जोडीला, चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यांतली एक जरी सुटली तरी हीटसिंक एका बाजूने उचलतो आणि तापमान झपाट्याने चढतं. हात लावून चारही घट्ट आहेत का पाहा. थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढी नवी लावा; जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. एएमडीच्या जुन्या मशीनवर कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर पिनांसकट सोबत येतो. मशीन पाच मिनिटं चालवून कोमट करा, बंद करून प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा.

कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका. मागच्या भिंतीपासून वीतभर जागा सोडा, जमिनीवरून विटेएवढं उंच ठेवा आणि खोलीतल्या कूलरच्या थेट झोतातून बाजूला घ्या.

वीज

एकाच डीपीवर शेतातले पंप असतील तर ते सुरू असताना दाब किती पडतो ते मल्टिमीटरने मोजा. घरात फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास हवेत. फारच खाली उतरत असतील तर यूपीएस सारखा बॅटरीवर जातो, बॅटरी कधीच पूर्ण चार्ज होत नाही, आणि वीज गेल्याक्षणी मशीन बंद पडतं. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, किंवा कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग तपासायला इलेक्ट्रिशियनला बोलवा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो; त्यात एप्रिलपासून आठवड्याला बादलीभर पाणी टाकत जा.

छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर अवरची बॅटरी आपल्या उन्हात दोनेक वर्षांतच दम सोडते. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका; त्याचा हीटर चालू होताना एवढा भार घेतो की यूपीएस कोलमडतो आणि सोबत मशीनही. घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर काही एसएमपीएस नीट चालत नाहीत, वीज गेली की रीस्टार्ट होतात. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर तसं होत नाही.

एसएमपीएस तपासायला मशीन चालू आणि कामात असताना एसएमपीएसच्या चार तारांच्या, कशालाही न लावलेल्या मोठ्या जोडणीत मल्टिमीटर लावा, जपून, टोकं एकमेकांना न भिडवता. पिवळी आणि काळी यांत ११.४ ते १२.६, लाल आणि काळीत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. काम वाढताच पिवळीचा आकडा ११.४ च्या खाली घसरला तर एसएमपीएस बदला. बोर्डवरच्या गोल कॅपॅसिटरांची डोकी फुगलेली किंवा त्यातून तपकिरी चिकट काही बाहेर आलेलं दिसलं, तर बोर्डाचे दिवस भरत आलेत. त्या मशीनवर मोठा खर्च करू नका.

सॉफ्टवेअरची सफाई

टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप'मध्ये जा. गप्पांची अॅप, गेमचे लाँचर, टोरंट, प्रिंटरचे 'स्टेटस मॉनिटर', वेगवेगळे अपडेटर, हे सगळं डिसेबल करा. प्रोग्राम जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. आवाजाचं ड्रायव्हर, अँटिव्हायरस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर आणि मराठी कीबोर्ड यांना हात लावू नका.

दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढा. मुदत संपलेला असेल तर तोही काढा, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे. वेग वाढवून देतो म्हणणारी आणि रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर काढून टाका. फुकट अॅक्टिव्हेटरने चालवलेल्या सॉफ्टवेअरसोबत बरेचदा तुमच्या मशीनवर दुसऱ्यासाठी गुपचूप क्रिप्टो चलनाची नाणी खणणारा (मायनिंग करणारा) प्रोग्राम येतो. काहीही न उघडता प्रोसेसर ८०-९० टक्के दिसत असेल तर डिफेंडरची ऑफलाइन तपासणी चालवा.

डीटीपीच्या दुकानांत हजारो फॉन्ट टाकलेले असतात. त्याने प्रत्येक डिझाइनचा प्रोग्राम उघडायला उशीर होतो. लागतात ते शे-दोनशे ठेवा, बाकीचे एका फोल्डरात हलवा. ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनचं फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडलं असेल आणि ते मशीन बंद असेल, तर विंडोज सकाळी त्याची वाट पाहत थांबतं. ती जोडणी काढून शॉर्टकट ठेवा. सी ड्राइव्हवर किमान १५ टक्के जागा मोकळी ठेवा. आठवडाभर बंद असलेलं मशीन सुरू केलं की पहिला अर्धा तास अपडेट चालतात. सुट्टीच्या आदल्या रात्री ते चालू सोडून उरकून घ्या.

हे सगळं करूनही विंडोज अडखळत असेल, आणि डिस्क, रॅम, तापमान, वीज तपासून झालेली असेल, तर आता फॉरमॅट मारायला हरकत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, नोंदणी केलेल्या घरगुती मशीनना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आठव्या पिढीआधीच्या मशीनवर फक्त ब्राउझर, टायपिंग आणि व्हिडिओ असेल तर लिनक्स मिंट बसवा, ८ जीबी रॅम आणि एसएसडीवर ते छान चालतं. टॅली किंवा विंडोजवरच चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर एसएसडीचा खर्च करण्याआधी मशीन किती वर्षं वापरायचं ते ठरवा.

दुकानात दुरुस्तीला देताना तीन तुकड्यांच्या वेळा, हँगच्या नोंदी आणि डिस्कचे चार आकडे लिहिलेला कागद सोबत द्या. 'फॉरमॅट करून द्या' असं म्हणू नका, काय होतं आणि कधी होतं ते सांगा. डिस्क बदलली तर जुनी परत मागून घ्या, तिच्यावर तारीख लिहा, आणि नव्या डिस्कवर एक महिनाभर सगळ्या फायली सापडताहेत याची खात्री होईपर्यंत ती कपाटात ठेवा.